जुनी लाकूड-कॅनव्हासची कनू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑन्टारिओत बर्फ वितळायला लागलं की माझा फोन वाजायला लागतो. कुणी गराज सेलमध्ये जुनी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, पाहिलेली असते, कुणाला नव्या घराच्या मागच्या शेडमध्ये ती फुकट सापडलेली असते. मी सुतार नाही, हिशेबाची नोकरी करतो. पण आजवर तीन कनू दुरुस्त केल्या आणि एक आधी बिघडवून मग दुरुस्त केली, एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं एकदा लिहून ठेवतो.

१. ही होडी लाकडाची की कापडाची? कापड पाण्यात कुजत नाही का?

दोन्हीची. आत सिडरच्या बरगड्या, साधारण ५/१६ इंच म्हणजे ८ मिमी जाड. त्यांवर सिडरच्याच फळ्या, ५/३२ इंच, म्हणजे जेमतेम ४ मिमी. आणि सगळ्याच्या बाहेरून कापसाचा जाड कॅनव्हास ताणून बसवलेला. कोकणातल्या होडीला फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासतात, तसं इथे करता येत नाही, फळी तेवढी जाडच नाही. त्यामुळे पाणी अडवायचं काम पूर्णपणे कॅनव्हासचं. त्याच्या विणीत फिलर नावाचा लगदा घोटून भरतात आणि वर रंग देतात. असा भरलेला कॅनव्हास पाण्यात कुजत नाही. पाण्यातून काढल्यावर आतल्या बाजूने ओला राहिला तर मात्र कुजतो.

बरगडी आणि फळी पितळी चुकांनी जोडलेली असते. (सुताराच्या चुका. माझ्या पुढे येतीलच.) कारखान्यात ही होडी लाकडी साच्यावर बांधत. साच्यावर प्रत्येक बरगडीखाली लोखंडी पट्टी असते. चूक ठोकली की तिचं टोक पट्टीवर आपटून उलटं वळतं आणि बरगडीत परत रुततं. शंभर वर्षांनीही ती पकड सहसा सुटत नाही.

हे तंत्र १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात रुळलं, पण आकार आणि बांधणीची अक्कल त्याआधीची, पेनॉब्स्कॉट आणि इतर मूळ रहिवाशांच्या बर्चच्या सालीच्या कनूतली. सालीच्या जागी कॅनव्हास आला, एवढाच मुख्य फरक. पुढे ओल्ड टाउन गावच्या कारखान्यात पेनॉब्स्कॉट कारागीर कामालाही होते.

२. माझी कनू कुठल्या कंपनीची आणि कोणत्या साली बनली, हे कसं कळेल?

दोन्ही टोकांना आत, जमिनीलगत बघा. बाहेरच्या वळणाची लाकडी कमान, म्हणजे स्टेम, तिथे आत येऊन संपते. तिच्यावर ठसा असेल तर ओला कापूस फिरवा आणि टॉर्च आडवा धरा, आकडे उठून दिसतात. ओल्ड टाउनच्या कनूवर सीरियल नंबर आणि पुढे लांबी फुटांत असते. त्या कंपनीची विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची कार्डं मोठ्या प्रमाणात जपली गेली आहेत. मॉडेल, लाकूड, रंग, कारखान्यातून कधी निघाली आणि कुठे गेली, हे त्यांवर असतं. वुडन कनू हेरिटेज असोसिएशन ही १९७९ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथली मंडळी नंबरावरून कार्ड शोधून देतात.

कॅनडातली कनू असेल तर ती बऱ्याचदा न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट कंपनीची किंवा पीटरबरोची निघते. तिथे ओल्ड टाउनसारखी कार्डांची सोय नाही. डेकवरचा (दोन्ही टोकांना वर बसवलेल्या लाकडी पाटीवरचा) छाप, डेकचा आकार, बरगड्यांची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर यांवरून अंदाज बांधावा लागतो. पीटरबरोच्या कनेडियन कनू म्युझियममध्ये एक दिवस काढा. लिटल लेकच्या काठावरची नवी इमारत २०२४ च्या मे महिन्यात उघडली. आपल्या कनूची बहीण तिथे टांगलेली दिसण्याची बरीच शक्यता आहे.

३. विकत घेण्याआधी काय बघू? मालक म्हणतो, "फक्त रंग द्यायचाय."

मालक नेहमी हेच म्हणतो. रंग आणि कॅनव्हास यांच्याकडे पहिल्यांदा बघूच नका, ते बदलता येतात. खिशात टोकदार टोच्या न्या आणि दोन्ही टोकं तपासा: डेकखालची बाजू, काठाच्या पट्ट्या जिथे एकत्र येतात ती जागा, स्टेमची वरची टोकं. कनू वर्षानुवर्षं पालथी ठेवलेली असेल आणि ती टोकं जमिनीला टेकत असतील, तर ओल तिथूनच चढते. टोच्या लोण्यात शिरल्यासारखा शिरला तर तेवढं लाकूड गेलं. मग काठाच्या पट्ट्यांखाली बरगड्यांची डोकी बघा.

नंतर एका टोकाला उकिडवे बसून काठाच्या रेषेवर एक डोळा मिटून नजर टाका. रेषा सलग वाहायला हवी. पाच-सात बरगड्यांना चिरा असल्या तरी मी घाबरत नाही. लागोपाठ दहा बरगड्या मोडून होडीचा आकारच बसला असेल तर घाबरतो. बाहेरून गुळगुळीत, काचेसारखी चकाकणारी कनू दिसली तर आधी प्रश्न १० वाचा.

४. थोडं पाणी झिरपतं. कॅनव्हास बदलावाच लागेल का?

लगेच नाही. सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर कनू सुलटी ठेवा, आत दोन-तीन लिटरच पाणी ओता (पाण्याचं वजन मोठं असतं, बादल्या ओतू नका) आणि हळूहळू एका टोकाकडून दुसरीकडे न्या. बाहेर जिथे थेंब धरेल तिथे खडूने खूण करा. गळती एक-दोन जागीच असेल, किंवा तळाच्या कण्याच्या (मधोमध लांबीत बसवलेल्या पट्टीच्या) स्क्रूंपाशी, तर ठिगळ पुरतं (प्रश्न ५ आणि १४).

रंगाला सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा पडल्या असतील आणि त्या कॅनव्हासपर्यंत गेल्या असतील, तर बदलाच. काठाची बाहेरची पट्टी एका जागी सैल करून कॅनव्हासची कड बोटांनी ओढून बघा. जुन्या पायपुसण्यासारखी फाटली तर प्रश्नच मिटला. नीट ठेवलेला कॅनव्हास पंचवीस-तीस वर्षं सहज टिकतो.

५. दगडावर घासून फाटलं. ठिगळ कसं लावू?

सहलीवर असाल तर भाग कोरडा करा, डक्ट टेप लावा आणि वल्हवत राहा. घरी आल्यावर टेप काढा, आठवडाभर सुकू द्या आणि मग हे करा.

फाटल्या जागेभोवती कॅनव्हास फळीपासून अलगद सोडवा. जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी याला उत्तम. पातळ सुती कापडाचा तुकडा भोकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठा कापा, कोपरे गोल करा. तो सुरीनेच कॅनव्हासच्या आत, फळीवर सपाट सरकवा. वॉटरप्रूफ गोंद तुकड्याच्या वरच्या बाजूला लावा, फळीला नाही. लाकूड आणि कापड आपापल्या जागी हलते राहिले पाहिजेत. फाटलेल्या कडा जुळवून दाबा, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर वाळूची पिशवी, रात्रभर. सकाळी उरलेल्या फटीत लांबी (पुट्टी) भरा, सुकल्यावर पॉलिश पेपर आणि रंग. माझ्या कनूवर असं एक ठिगळ तळव्याएवढं आहे. कुठे आहे ते मलाही आता बोटांनी चाचपडावं लागतं.

६. आतून फळ्यांमध्ये फटी दिसतात, उजेड येतो. त्या भरू का?

नका भरू. हिवाळाभर कोरडं पडलेलं सिडर आकसतं, पाण्यात गेलं की फुगतं. फटीत कडक काही भरलंत तर फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या वर उचलल्या जातात. फटीतून उजेड येतोय याचा अर्थ एवढाच, की बाहेर कॅनव्हास नाही किंवा तो फाटलाय.

७. बरगडी मोडली आहे. बदलावी की ठेवावी?

केसाएवढी चीर असेल आणि आकार शाबूत असेल तर ठेवा. वय आहे, सुरकुत्या असणारच. आरपार मोडली असेल आणि फळी आत-बाहेर लचकत असेल तर बदला, शक्यतो कॅनव्हास उतरवलेला असताना, कारण चुकांची डोकी बाहेरच्या बाजूला असतात.

नवी बरगडी व्हाइट सिडरची, सरळ रेषांची, गाठ नसलेली. भट्टीत वाळवलेलं लाकूड वाकवताना तडकतं. हवेवर सुकलेलं घ्या आणि एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. प्लायवूडच्या लांब पेटीत वाफ सोडून वीसेक मिनिटं ठेवा. इंचाला एक तास असा हिशेब सगळे सांगतात, आणि आपली बरगडी इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. बाहेर काढल्यावर हातात जेमतेम अर्धं-एक मिनिट असतं.

वाकवायची कशावर? खुद्द होडीच्या पाठीवर, पण जिथली बरगडी तिथेच नाही. बाहेरून वाकवलेली बरगडी फळी आणि बरगडी यांच्या एकत्र जाडीएवढी मोठी होते. म्हणून टोकाकडे एक-दोन जागा सरकून, होडी जरा निमुळती असते तिथे वाकवा, म्हणजे आत बरोबर बसते. हे मला कळेपर्यंत चार बरगड्या बंबात गेल्या असत्या, बंब असता तर.

बऱ्याच बदलायच्या असतील तर एकाआड एक बदला. लागोपाठ सगळ्या काढल्या तर होडी आपला आकार विसरते.

चुका ठोकायला दोघं असलेली बरी. मी बाहेरून हातोडी मारतो, बायको आतून लोखंडी ठोकळा बरगडीला दाबून धरते. चूक लाकडातून जाते तोवर आवाज बद्द येतो. टोक लोखंडाला लागून वळलं की टक्. तो "टक्" ऐकला की ती "पुढची" म्हणते. एकदाही बघत नाही.

८. कॅनव्हास घरी बदलता येतो का? काय काय लागतं?

येतो. दोन माणसं, लांब गराज किंवा दोन भक्कम झाडं, आणि शनिवार-रविवार. साधारण १६ फुटी कनूला दहा नंबरचा कॅनव्हास वापरतात. नंबर जितका मोठा तितकं कापड हलकं. लांबी कनूपेक्षा तीनेक फूट जास्त घ्या.

आधी काठाच्या बाहेरच्या पट्ट्या, टोकांवरच्या पितळी पट्ट्या आणि कणा काढा. प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहून ठेवा. जुना कॅनव्हास उतरवा. लाकडाची सगळी कामं आत्ताच करा. बाहेरून फळ्यांना उकळलेलं जवसाचं तेल पातळ करून पाजा आणि सुकू द्या.

मग कॅनव्हास लांबीत दुमडून झोळी करा. दोन्ही टोकं दोन-दोन पाटांमध्ये आवळून पकडा. एक टोक खांबाला, दुसरं हाताने ओढायच्या चरखीला. कनू झोळीत ठेवा आणि तळ खाली दाबला जाईल असं आत वजन द्या किंवा छतापासून टेकू लावा. आता चरखी ओढा. टिचकी मारून बघा, "थप" आवाज आला तर अजून ओढा, डफासारखा आला की थांबा. मधल्या बरगडीपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना आलटून पालटून, रुंद तोंडाच्या पकडीने कड वर ओढत, प्रत्येक बरगडीच्या डोक्यावर दोन चुका मारत टोकांकडे जा. घाईत एकच बाजू पूर्ण करू नका, झोळ दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो आणि कितीही ओढलं तरी निघत नाही.

टोकांना कॅनव्हास चिरून एक बाजू स्टेमवरून वळवा, चुका मारा, जास्तीचं कापा, वर दुसरी बाजू. ही जागा पितळी पट्टीखाली झाकली जाते, तरी नीट करा, गळती इथूनच होते.

९. फिलर भरल्यावर किती दिवस थांबायचं? पॅकेटवर वेगळंच लिहिलंय.

पारंपरिक तेलाचं फिलर असेल तर चार ते सहा आठवडे, पॅकेट काहीही म्हणो. हे फिलर म्हणजे बारीक सिलिकाची पूड, जवसाचं तेल, टर्पेंटाइनसारखं पातळ करणारं द्रव्य आणि थोडं ड्रायर, म्हणजे तेल लवकर सुकवणारं द्रव्य. ब्रशने एकावर एक हात द्यायचे, आणि प्रत्येक हात ओलसर असताना कॅनव्हासचाच तुकडा हाताला गुंडाळून गोल गोल घोटायचं. वीण दिसेनाशी होईपर्यंत. हात दुखतो, पण याला शॉर्टकट नाही.

मी केला होता. मंडळाची जुलैतली सहल ठरलेली, सगळ्यांना सांगून ठेवलेलं, म्हणून दहाव्या दिवशीच रंग दिला. वरून कोरडा वाटत होता. तीन आठवड्यांत तापलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या आणि नखाने ओढलं की रंग पापुद्र्यासारखा निघे. सगळा खरवडला, दीड महिना थांबलो, पुन्हा रंगवला. सहलीला भाड्याची प्लॅस्टिकची कनू नेली. आतून तेल सुकतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊन, वरून रंगाचं झाकण घातलं की ते सुकणं थांबतं, हे नंतर कळलं. पाण्यावर आधारलेली नवी फिलरं काही दिवसांत तयार होतात, त्यांचा नियम त्यांच्या डब्यावर पाहा.

१०. एवढा खटाटोप कशाला? फायबरग्लास लावून टाकलं तर?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी जरा जास्तच आवाज चढवून उत्तर देतो. सिडर दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. रेझिनचं कवच तसं हलत नाही. दोघांची ओढाताण होऊन कुठेतरी सुटतं आणि त्या पोकळीत पाणी शिरतं, ते बाहेर पडत नाही. दुसरं म्हणजे पुढे एखादी बरगडी मोडली तर चुकांपर्यंत पोचायलाच मार्ग राहत नाही. ही होडी तुकड्या-तुकड्याने दुरुस्त व्हावी अशीच बांधलेली आहे. कॅनव्हास लावताना झालेली चूक पुढचा माणूस पक्कडीने उपटू शकतो, रेझिनमधली नाही.

आधीच कुणी लावलेलं असेल तर? पॉलिएस्टर रेझिन असेल तर हीट गनने एका टोकापासून तापवत, रुंद पात्याने उचलत पट्ट्या-पट्ट्यांनी निघतं. इपॉक्सी चिवट असतं, फळीचे पापुद्रे घेऊन येतं. माझ्या एका मित्राने "दुरुस्त केलेली" म्हणून अशीच एक घेतली. सोलायला दोन रविवार लागले आणि खाली फळ्यांचे चौदा तुकडे कुजलेले निघाले. काम उघड्यावर आणि मास्क लावून करा.

११. जुना रंग घासताना काही काळजी?

मोठी काळजी. जुन्या फिलरमध्ये शिशाचं सफेदा असायचं आणि जुन्या रंगातही शिसं असतं. कोरडं घासू नका, ओला पॉलिश पेपर वापरा. पी-१०० फिल्टरचा मास्क, कपडे वेगळे धुवायचे, लहान मुलं आणि घरातली गरोदर बाई जवळपास नको. सगळा कॅनव्हास बदलणार असाल तर घासताच कशाला, अख्खा गुंडाळून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.

१२. आतून वॉर्निश की तेल?

वॉर्निश, आणि तेही उन्हाला टिकणारं स्पार वॉर्निश. दोन-तीन वर्षांनी हलकं घासून एक हात. अगदी काळं पडलेलं लाकूड असेल तर जुनं वॉर्निश काढून ऑक्झॅलिक ॲसिडने उजळतं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं.

तेल वापरलंत तर एक गोष्ट अजिबात विसरू नका: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टोपलीत टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि घडीत ती कोंडते. चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. गराज जळाल्याच्या गोष्टी इथे गावोगाव आहेत.

१३. बैठकीचा वेत तुटलाय. नवीन बैठक विकत घेऊ का?

चौकट शाबूत असेल तर नको. आपल्याकडच्या वेताच्या खुर्चीचीच ही अष्टकोनी भोकांची वीण आहे. वेत अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि ओला असतानाच विणा. माझ्या आईने दोन महिन्यांच्या मुक्कामात इथे बसून दोन बैठका विणल्या. तिच्या मते चौकटीची भोकं "कुणा आळशाने पाडलेली" होती.

१४. तळाचा कणा ठेवावा का?

मी काढतो. तळ्यावर वाऱ्यात कण्यामुळे नाक सरळ राहतं हे खरं, पण नदीत तो दगडाला अडकतो आणि त्याचे स्क्रू ही गळतीची हक्काची जागा. कॅनव्हास बदलताना काढा, भोकं लाकडी काडी आणि गोंदाने बुजवा. ठेवायचाच असेल तर न कडकणाऱ्या बेडिंग कंपाउंडमध्ये (फट बुजवणाऱ्या मऊ लगद्यात) बसवा.

१५. हिवाळ्यात कुठे ठेवू?

पालथी, जमिनीपासून वर, काठाच्या पट्ट्यांवर पेलून, छपराखाली, वारा खेळेल अशी. तापवलेल्या तळघरात नको, लाकूड फार सुकतं. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळणं तर सर्वांत वाईट, आत घाम धरतो. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात ना, तीच कल्पना. झाप पाऊस अडवतात, हवा अडवत नाहीत.

१६. कॅनव्हासऐवजी डेक्रॉन चालेल का?

चालतं. हे पॉलिएस्टरचं कापड. हलकं असतं, इस्त्रीने ताणून बसतं, कुजत नाही. ज्याला कनू एकट्याने डोक्यावर उचलून दोन तळ्यांमधली पायवाट चालायची आहे, त्याला हा फरक कळतो, कारण १६ फुटी जुनी कनू ३० ते ३५ किलो भरते. पण फळीचा प्रत्येक उंचवटा त्यातून दिसतो. मी नाही लावत, कुणी लावलं तर भांडतही नाही.

१७. खडकाळ नदीत तळ फार खरवडतो. जास्त रंग देऊ?

रंग वाढवला की वजन वाढतं आणि भेगाही पडतात. जुने गाइड पाणरेषेखाली लाखेचा हात देत. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून लावा. तासाभरात सुकते, दगडावरून सरकते आणि खरवडली की पुन्हा लावता येते.

१८. आजोबांच्या काळातली मूळ रंगाची, मूळ छापाची कनू आहे. सगळं नवं करू?

थांबा. मूळ कॅनव्हास, मूळ रंग आणि डेकवरचा छाप एकत्र टिकलेली कनू दुर्मीळ असते. ती वल्हवायची नसेल तर धूळ पुसा, फोटो काढा, ठसा नोंदवा आणि प्रश्न १५ प्रमाणे ठेवा. वल्हवायचीच असेल तर दुसरी, मोडकी घ्या. मोडक्या पुष्कळ मिळतात.

१९. परत जाताना ही कनू कोकणात नेली तर टिकेल का?

खाडीत सतत ठेवायला नको. खारं पाणी चुकांच्या पितळेला हळूहळू खातं, चार महिन्यांच्या दमट हवेत कॅनव्हासला आतून बुरशी येते आणि वाळवीला सिडर चालतं की नाही याचा प्रयोग मी तुमच्या होडीवर करणार नाही. गोड्या पाण्याच्या तलावावर, वापरून झाल्यावर पुसून, पडवीच्या आढ्याला टांगून ठेवलीत तर बघा. पण जाण्याआधी मला फोन करा. तिच्या दोन्ही बैठकांची मापं घेऊन ठेवायची आहेत, आईने मागितली आहेत.